तळ्याकडे तोंड केलं की उजव्या हाताला

नवऱ्याचा अनोळखी माणसांवर भारी विश्वास होता. ओळखीच्या माणसांवर तो जरा कमी व्हायचा, नातेवाइकांवर आणखी कमी, आणि बायकोपर्यंत येईतो पार तळाला गेलेला असायचा. म्हणजे ती खोटं बोलते असं त्याचं म्हणणं नव्हतं. ती सांगते ते खरंच असतं, पण खऱ्यात काय मजा, असं त्याचं म्हणणं होतं.

हे तिला लग्नाआधी कळायला हवं होतं. पण लग्नाआधी ती स्वतःच अनोळखी होती, आणि तेव्हा तो तिचं सगळं ऐकायचा.

आता दोघं परदेशात होती. पाठीवर एकेक सॅक, पायात धुळीने एकाच रंगाचे झालेले बूट, आणि खिशात परतीचं तिकीट. सुट्टी संपत आली होती आणि जी एक गोष्ट बघायला ती आली होती, ती सोडून बाकी सगळं बघून झालं होतं.

ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. डॉक्टर मापं पाठवायचे, ही प्लास्टरचे साचे ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, घासायची, चकाकी द्यायची. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर प्लास्टरवाल्या कंपनीने फुकट पाठवलेलं कॅलेंडर होतं. त्यातलं एका महिन्याचं चित्र तिला इतकं आवडलं, की महिना संपला, वर्ष संपलं, कंपनीसुद्धा बुडाली, पण पान तिथून हललं नाही. चित्रात तळं होतं. डावीकडून पाण्यात शिरलेला लाकडी धक्का, उजव्या कोपऱ्यात हिरव्या दाराची पत्र्याची शेड, आणि मागे एक डोंगर, थेट दाढेसारखा. डाव्या बाजूचा सुळका झिजलेला, उजवा शाबूत. एखाद्या आजोबांनी कवळी पुन्हा परत पाठवली, डॉक्टर फोनवर खेकसला, की ती मान वर करायची आणि त्या दाढेकडे बघत बसायची. तिच्या माहितीतली ती एकच दाढ होती जिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

चित्राखाली बारीक अक्षरांत जागेचं नाव होतं. म्हणून तर हा देश ठरला. "बाकी तुला हवं तिथे ने," ती म्हणाली होती. "मला फक्त त्या काठावर उभं राहून ते चित्र खरं बघायचंय."

"चालेल की," नवरा म्हणाला होता. "पण कॅलेंडरवरची जागा म्हणजे सगळेच जातात गं. शेवटी बघू."

नवरा टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात होता. तिथला नियम असा, की ग्राहकाला उपाय सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. बंद करून चालू करा. खिडकीपाशी उभे राहा. फोन दुसऱ्या हातात धरा. उपाय लागू पडतो की नाही, हा पुढचा फोन जो उचलेल त्याचा प्रश्न. या नोकरीने त्याला दोन सवयी लावल्या. कुणी काही विचारलं की त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, आणि कुणी काही सुचवलं की ते करून बघायचंच.

त्यामुळे त्यांची सगळी सहल हॉस्टेलांच्या स्वयंपाकघरांत भेटलेल्या परक्या माणसांनी ठरवली होती. एका दाढीवाल्याने सांगितलं म्हणून ते आवाज न घुमणारी विहीर बघायला गेले. अर्धा दिवस चालल्यावर विहीर आली. नवरा वाकून ओरडला. काही ऐकू आलं नाही.

"बघ!" तो म्हणाला.

सायकलवरच्या एका बाईने सांगितलं म्हणून पूल बघायला गेले. पूल फार जुना आणि देखणा होता. नदी मात्र मधल्या काळात कंटाळून पलीकडून जायला लागली होती. मग बटणांचं संग्रहालय झालं. ते बंद होतं, आणि तिथल्या पहारेकऱ्याच्या शर्टाला एकही बटण नव्हतं.

"मग तळं?" ती दर वेळी विचारायची.

"शेवटी," तो दर वेळी म्हणायचा.

न्हाव्याचं प्रकरण सुरू झालं ते असंच एका स्वयंपाकघरात. ते दोघं आदल्या दिवशी त्या गावात उतरले होते. गावात त्यांनी बघितलं होतं फक्त बसस्टँड, आणि नवऱ्याने बसस्टँडमागच्या न्हाव्याकडे केस कापून घेतले होते. ती भांडी विसळत होती, तेवढ्यात एक उंच जोडपं आत आलं. दोघंही इतके उंच, की दिव्याखालून जाताना आळीपाळीने वाकायचे.

"या गावात काय बघावं?" उंच माणसाने विचारलं.

"आम्ही कालच आलोय," ती म्हणाली. "अजून काहीच नाही बघितलं."

हे उत्तर खरं होतं, पुरेसं होतं, आणि इथे विषय संपायला हरकत नव्हती.

"न्हाव्याची गच्ची!" नवरा म्हणाला. "बसस्टँडच्या मागे. तिथून सूर्यास्त बघायचा. गावात कुणाला माहीत नाही."

उंच जोडप्याने एकमेकांकडे बघितलं, नवऱ्याचे हात हातात घेतले आणि आभार मानले. ती हातातल्या कपाकडे बघत राहिली. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

खोलीत गेल्यावर तिने विचारलं, "न्हाव्याला गच्ची आहे?"

"असेलच. जिना होता."

"आणि सूर्यास्त?"

"अगं, सूर्य काय, सगळीकडेच मावळतो."

ती दोन मजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर शिरली. तिच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात तिचा कामाचा आरसा होता, लांब दांड्याचा, टोकाला बटणाएवढी गोल काच असलेला. कवळीची मागची बाजू बघायला असतो तो. प्रवासात त्याचे बरेच उपयोग निघाले होते. पलंगाखाली गेलेला मोजा शोधता यायचा, मागून कुणी येतंय का बघता यायचं. त्या दिवशी तिने तो वर करून वरच्या मजल्यावरच्या नवऱ्याकडे बघितलं. माणूस समाधानाने झोपला होता.

पुढे गावं बदलली. फिरत फिरत ते अशा गावी पोचले, जिथून तळ्याची थेट बस होती. तिकिटं काढली. सकाळची बस. तिने शर्ट धुऊन वाळत घातला, कारण मळक्या शर्टात त्या दाढेसमोर जायचं तिच्या जिवावर आलं होतं. आणि संध्याकाळी हॉस्टेलच्या ओसरीवर एक निवृत्त नर्स भेटली.

"इथवर आलात आणि न्हाव्याची गच्ची नाही पाहिलीत?" नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. "शेवटून तिसऱ्या खुर्चीवर बसायचं. बूट काढून. आणि सूर्य टेकला की श्वास रोखायचा. मी तर रडले."

नवऱ्याचे डोळे चमकायला लागले. ही चमक तिच्या ओळखीची होती. विहिरीच्या आधी चमकले होते ते असेच.

"नाही," ती म्हणाली.

"अगं पण..."

"नाही! तू बनवलेली गच्ची आहे ती! माझ्यासमोर बनवलीस! मी भांडी घासत होते!"

"मी बनवली असेन," नवरा शांतपणे म्हणाला. तक्रार विभागात त्याला सगळ्यात संतापलेले ग्राहक द्यायचे, ते उगीच नाही. "पण आता नर्सबाई सांगतायत. नर्स कशाला खोटं बोलेल?"

"त्यांना कुणीतरी सांगितलं, त्याला कुणीतरी सांगितलं, आणि त्या कुणालातरी तू सांगितलंस!"

"मग एवढे लोक सांगतायत म्हणजे काहीतरी असणारच ना?"

माणसाने स्वतःचीच थाप स्वतः ऐकावी आणि भारावून जावं, हे तिने पहिल्यांदाच बघितलं. भांडण बरंच चाललं. शेवटी त्याने शपथ घेतली, की गच्ची झाली की तडक तळं, मध्ये कुणी काही सांगितलं तरी कानात बोटं घालीन. ती थकली होती. थकलेल्या माणसाला शपथ खरी वाटते.

सकाळी ती वाळलेल्या शर्टात उलट्या दिशेच्या बसमध्ये बसली. वाटेत सासूबाईंचा फोन आला.

"कशी आहेस गं? पाहिलंस का तुझं तळं?"

"नाही हो आई. न्हाव्याकडे चाललोय."

"केस कापायला?"

"नाही. सूर्यास्त बघायला."

"अस्सं," सासूबाई म्हणाल्या. मुलाला त्यांनीच वाढवलेलं असल्याने त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही. "हे बघ, लहानपणी याने माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पाहुण्यांना हॉलचा पत्ता सांगितला होता. इतका व्यवस्थित सांगितला, इतका व्यवस्थित, की निम्मं वऱ्हाड भलत्याच लग्नात जेवून आलं. आणि वर म्हणतात कसे, तिकडचं जेवण चांगलं होतं! तू लक्ष नको देऊस. मी नाही दिलं, म्हणून शहाणी राहिले."

न्हाव्याच्या दुकानाबाहेर रांग होती. रांग जिन्यावर चढली होती आणि जिन्यावर प्रत्येकाने बूट हातात घेतले होते. खाली रिकाम्या खुर्चीशेजारी न्हावी कात्री घेऊन उभा होता, आणि त्याचं तोंड बघून कुणी केस कापायला बसलं नसतंच.

"गच्चीवर मी टॉवेल वाळत घालायचो," तो तिला म्हणाला. ऐकून घेणारं गिऱ्हाईक त्याला पुष्कळ दिवसांनी मिळालं असावं. "आता हे बसतात. मी म्हटलं, बाबांनो, समोर भिंत आहे, सूर्य त्या बाजूला बुडतो, पाठीमागे! तर म्हणतात, तेच तर! टॉवेल ओले राहतात माझे. कोणी सुरू केलं हे, तो एकदा सापडू दे मला."

तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. पण नवरा बूट काढायला वाकला, आणि न्हाव्याची नजर त्याच्या मानेवर गेली.

"थांबा," न्हावी म्हणाला. "हा कट माझा आहे."

नवरा दोन दोन पायऱ्या टाकत गच्चीवर पसार झाला.

वर माणसं दाटीवाटीने खुर्च्यांवर बसून शेजारच्या इमारतीची भिंत बघत होती. भिंतीवर पाण्याचा एक पाइप होता. ऊन कललं तशी भिंत पिवळी झाली, मग भगवी, मग भिंतीच्याच रंगाची. सगळ्यांनी श्वास रोखला. कुणीतरी हुंदका दिला. नवऱ्याने तिचा हात दाबला. "काहीतरी आहे बरं का," तो कुजबुजला.

"पाइप आहे," ती म्हणाली.

आणि तिथेच, त्या पाइपाकडे बघता बघता, तिच्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस ती तळ्याबद्दल चुकीच्या माणसाशी बोलत होती. नवऱ्याला तळ्याबद्दल सांगून उपयोग नव्हता. नवऱ्याला कुणा परक्याने सांगायला हवं होतं. त्यासाठी आधी एखाद्या परक्याला आपण सांगायला हवं.

पुढच्याच रांगेत ते उंच जोडपं होतं. ते रोज येत होते म्हणे, आणि मागच्यांना काही दिसत नाही म्हणून लोक त्यांच्यावर वैतागले होते. नवरा बूट शोधत होता तेवढ्यात तिने उंच माणसाला गाठलं आणि तळ्याचं नाव सांगितलं.

"ते कॅलेंडरवालं?" उंच माणसाने नाक मुरडलं. "तिथे सगळेच जातात."

त्या चित्राचा कोपरान् कोपरा तिला पाठ होता. तिने आवाज खाली आणला.

"तळ्याला कोण विचारतंय?" ती म्हणाली. "तळं बघायला जातात ती साधी माणसं. तिथे एक शेड आहे, हिरव्या दाराची. तळ्याकडे तोंड केलं की उजव्या हाताला. जाणकार लोक ती बघतात."

"काय आहे त्यात?"

"ते सांगून कळत नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच्या तोंडून नवऱ्याचा आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

अंधार पडायच्या आत नवरा धापा टाकत खोलीत आला. "ऊठ, ऊठ! काय जागा कळलीये! ओळख कुठली असेल?"

"कुठली?"

"तुझंच तळं! पण तळं नाही बरं का. तळ्याकडे बघायचंसुद्धा नाही म्हणे, पाठ करायची. तिथे एक शेड आहे! तीन जणांनी सांगितलं! आणि तू आपली इतके दिवस तळं तळं करत बसलीस, शेडचं नावसुद्धा काढलं नाहीस."

तिने शर्ट पुन्हा धुवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी बस डोंगर चढली, वळली आणि काठापाशी थांबली. बसमधले सगळे उतरून धावत सुटले. नवरा त्यांच्यात पुढे. ती सावकाश उतरली. इतकी वर्षं थांबल्यावर शेवटचा रस्ता धावत कशाला काढायचा? काठावर, चित्र काढणारा जिथे उभा असेल असं वाटलं, तिथे ती जाऊन उभी राहिली आणि तिने मान वर केली.

तळं होतं. डोंगर होता. आणि सगळं चुकलेलं होतं.

धक्का उजवीकडून आत शिरला होता. हिरव्या दाराची शेड डावीकडे होती, एकटीच, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आणि दाढेचा उजवा सुळका झिजलेला होता. उजवा! तिने डोळे चोळले. इतकी वर्षं ती ज्या दाढेकडे बघत कवळ्या घासत होती, ती दाढ डावीची उजवी निघाली होती. त्या प्लास्टरवाल्यांनी चित्र उलटं छापलं होतं. तिच्या हातून जबड्यात अशी अदलाबदल झाली असती, तर डॉक्टरने कवळी तिच्या टेबलावर आपटली असती. आणि या लोकांनी अख्खा डोंगर फिरवला, वर कॅलेंडर म्हणून वाटला. बुडाली ती कंपनी, ते बरंच झालं.

मग तिच्या लक्षात आलं की लोक उजव्या हाताला गेलेत.

उजव्या हाताला सार्वजनिक शौचालय होतं.

त्याच्यासमोर ही गर्दी जमली होती. तळ्याकडे सगळ्यांच्या पाठी. दार पोपटी होतं, आणि पोपटी म्हणजे हिरवंच की नाही यावर उंच माणूस एका आजोबांशी हुज्जत घालत होता. आजोबांना रंगाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना आत जायचं होतं. "अहो, मला खरोखर जायचंय!" ते काकुळतीने सांगत होते. "आम्हालाही खरोखरच जायचंय," लोक म्हणत होते, "रांगेत या." शौचालयाची राखणदार बाई झाडू घेऊन दारात उभी होती. "काय बघताय?" ती ओरडत होती. "काय आहे काय यात?"

"ते सांगून कळत नाही," नवरा त्या बाईला समजावत होता.

बायकोने कपाळाला हात लावला. ओरडून सांगावंसं वाटलं. पण मग तिने पुन्हा तळ्याकडे पाहिलं. काठावर चिटपाखरू नव्हतं. कॅलेंडरवरची, सगळेच जातात ती जागा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची एकटीची. फक्त उलटी.

तिने सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून आरसा काढला. तळ्याकडे पाठ केली. एक डोळा मिटला, दुसऱ्याच्या अगदी जवळ काच धरली आणि खांद्यावरून मागे बघितलं.

धक्का डावीकडून पाण्यात शिरला. हिरवं दार उजव्या कोपऱ्यात जाऊन बसलं. दाढेचा डावा सुळका झिजला, उजवा शाबूत राहिला. बटणाएवढ्या काचेत सगळं जिथल्या तिथे होतं, आणि पाणी हलत होतं. कॅलेंडरवर पाणी हलत नसे. ती बघत राहिली. कुठल्याच आजोबांची कवळी तिला आठवली नाही.

"काय करतेयस?"

नवरा होता. त्याच्यामागे उंच जोडपं, आणि त्यांच्यामागे गर्दीतली आणखी काही माणसं. ती सगळी तिच्या आणि पाण्याच्या मधून आली होती, त्यामुळे आरशात तळ्याच्या मधोमध उगवल्यासारखी दिसली.

"बघतेय."

"पाठ करून? आरशातून?" त्याचे डोळे चमकायला लागले. "असं बघायचं असतं? कुणी सांगितलं तुला?" आणि तिने उत्तर द्यायच्या आत तो वळला. "अहो, आरसा लागतो! आरशातून..."

"शौचालयाच्या मागून," ती म्हणाली.

सगळे थांबले.

"आरसाबिरसा काही नाही," तिने तो मुठीत झाकत सांगितलं. "खरं दिसतं ते मागच्या बाजूने. भिंतीला कान लावून. इथे उभं राहून वेळ घालवू नका."

उंच माणसाने तिचे हात हातात घेतले आणि आभार मानले. मग सगळे निघाले. नवराही त्यांच्यामागे निघाला. चार पावलं गेला आणि थांबला. वळून तिच्याकडे नीट बघितलं, केस कापल्यावर न्हाव्याने मागे आरसा धरला की बघतात तसं.

"हे तू आत्ता बनवलंस," तो म्हणाला.

तिने आरशाची काच शर्टाला पुसली.

"आणि शेड?"

"ती खरी आहे. त्या तिकडे."

त्याने डावीकडे बघितलं. मग उजवीकडे बघितलं. पलीकडून राखणदार बाईची किंकाळी आली, आणि ते आजोबा मोकळ्या झालेल्या दारातून आत घुसताना दिसले. नवरा परत आला आणि तिच्या शेजारी, तळ्याकडे पाठ करून, उभा राहिला. तिने आरसा त्याच्या हातात दिला. त्याने एक डोळा मिटला. बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि ही त्याची सबंध प्रवासातली सगळ्यात लांब शांतता होती.

"अगं," तो अखेर म्हणाला, "हे भारीच आहे. आधी सांगायचंस ना."

तिने दीर्घ श्वास घेतला. रोखला. सोडला.

"दाढ दिसली?" तिने विचारलं.

"दिसली. डाव्या बाजूला झिजलीये."

"हं," ती म्हणाली. तिला एकदम बरं वाटलं.

तो आणखी थोडा वेळ बघत राहिला. मग आरसा न हलवता, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "पण समजा, मागच्या बाजूने खरंच काही ऐकू येत असलं तर?"

"खाली बस," ती म्हणाली.

तो बसला.